तोंडावर सांगायची गोष्ट

"मान जरा इकडे घ्या," रेडिओ म्हणाला, आणि गिऱ्हाइकानं मान नेमकी तिकडे फिरवली.

एका गालावरचा फेस अजून तसाच होता. रेडिओनं दोन बोटांनी हनुवटी धरून चेहरा हलकेच आपल्याकडे वळवला आणि अर्धवट राहिलेली गोष्ट पुढे सुरू केली. पुलाखाली अडकलेल्या ट्रकची गोष्ट होती. ड्रायव्हर चाकांतली हवा सोडायला तयार नव्हता, लोक जमले होते, पोलीस शिट्टी फुंकून फुंकून लाल झाला होता. रेडिओ ड्रायव्हरचा आवाज वेगळा काढायचा, पोलिसाचा वेगळा. एरवी इथं गिऱ्हाईक हसायचं. हे गिऱ्हाईक डोळे मिटून, ओठ आवळून बसलं होतं, जणू इंजेक्शनची सुई आता टोचेल की मग. दाढी संपल्यावर त्यानं तुरटीसुद्धा फिरवू दिली नाही. "राहू द्या, घाईत आहे," म्हणत स्वतःच तोंड पुसलं आणि बाहेर पडलं. ट्रक पुलाखालीच राहिला.

रेडिओ हे अर्थातच त्याचं नाव नव्हे. तरुणपणी कुणीतरी खुर्चीत बसल्या बसल्या "हा बंद कुठून करायचा?" असं विचारलं होतं, तेव्हापासून ते चिकटलं ते चिकटलंच. आता तर विजेचं मीटर बघायला येणारा माणूसही "रेडिओ आहेत का घरात?" असं विचारायचा.

सलून लहानसं होतं. भिंतभर आरसा, दोन खुर्च्या, मागं थांबणाऱ्यांसाठी बाक. दाराजवळची खुर्ची रेडिओची, आतली त्याच्या धाकट्या भावाची. वडील गेले तेव्हा धाकटा आरशापर्यंत पोचतही नव्हता. त्याला कात्री कशी धरायची इथपासून रेडिओनंच शिकवलं. आता धाकट्याचा हात बसला होता आणि हल्ली तर बाकावर तीन-तीन माणसं त्याच्यासाठी थांबून असत. रेडिओ नॅपकिन झटकून "या" म्हणायचा. बाकावरचा म्हणायचा, "नाही नाही, तुमचं चालू द्या, मी थांबतो." रिकाम्या खुर्चीत काय चालू द्यायचं, हे रेडिओला कळायचं नाही. नव्या पद्धतीची कटिंग पोरांना धाकट्याकडूनच लागते, असं त्यानं स्वतःला समजावलं होतं. पण थांबणाऱ्यांत टक्कल पडलेले लोकही होते.

एके दिवशी सकाळी धाकटा मास्कचं खोकं घेऊन आला आणि आरशाखालच्या फळीवर ठेवून म्हणाला, "दादा, आपण दोघांनीही हे घालत जाऊ. सर्दीखोकल्याचे दिवस आहेत. लोकांच्या तोंडाशी जावं लागतं."

"आजवर नाही घातला तो?"

"सगळीकडे घालतात आता," धाकटा म्हणाला, आणि आपला मास्क कानाला अडकवून उगाचच कात्र्या पुसत बसला.

रेडिओनंही घातला. त्याला वाईट वाटलं नाही, नव्या गोष्टीची त्याला कधी अडचण नसायची. दुपारी एका शाळेच्या शिपायाचे केस कापताना तो नेहमीसारखा बोलत होता, आणि बोलता बोलता त्याला वास आला. कुठंतरी काहीतरी सडलंय असा. त्याला वाटलं, बेसिनखाली उंदीर मेला असणार. शिपाई गेल्यावर तो गुडघ्यांवर बसून बेसिनखाली डोकावला. तिथं काही नव्हतं. बाक पुढं ओढला, मागं बघितलं. ओले नॅपकिन हुंगून पाहिले. नीट दिसावं म्हणून त्यानं मास्क हनुवटीवर ओढला, आणि वास गेला.

तो तसाच बसून राहिला. मग मास्क पुन्हा वर चढवला आणि नुसतं "हॅलो" म्हणाला.

वास आला.

मागच्या गल्लीत जाऊन त्यानं सिगारेट काढली, ती पेटवलीच नाही. तळव्यात फुंकर मारली, हुंगली. काल-परवाचे चेहरे त्याच्या डोळ्यांपुढून सरकत गेले. मान वळवणारे, घाईत असणारे, तुरटी नको म्हणणारे. तो आत आला तेव्हा धाकट्याच्या खुर्चीत एक जण बसला होता.

"किती दिवस झाले?" रेडिओनं विचारलं.

"कशाला?"

"तुला कळतंय कशाला."

"दादा, गिऱ्हाईक आहे."

"म्हणूनच विचारतोय. तू नाही सांगितलंस तर ते सांगेल."

खुर्चीतल्या माणसानं आरशातली नजर काढून आपल्या गुडघ्यांवर ठेवली. पुढचे केस मुकाट्यानं कापले गेले. तो गेल्यावर धाकट्यानं दार लोटून घेतलं.

"दोन वर्षं तरी झाली असतील," तो म्हणाला.

"दोन वर्षं! आणि तू मला मास्क आणून देतोस."

"मग काय करू? तू मला अंघोळ घातलीयस, माझं नाक पुसलंयस. कुठल्या तोंडानं सांगू तुला, की तुझ्या तोंडाला..." त्यानं वाक्य तिथंच सोडलं.

"परक्या माणसांना बाकावर बसवून हसत होतास."

"हसत नव्हतो," धाकटा म्हणाला. रेडिओनं ते ऐकलं नाही. तो दिवसाढवळ्या सलून सोडून घरी निघाला होता.

बायको खिडकीत बसून कुणाच्या तरी ब्लाउजला हुक लावत होती. त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन लांब गेली होती. दिवसभर घरात ही एकटीच. अवेळी नवरा दारात बघून ती उठू लागली, तर त्यानं हातानंच बस म्हटलं.

"तुलाही येत होता?"

काय, ते तिनं विचारलं नाही. सुई कापडात अडकवून ठेवली.

"सकाळी जास्त यायचा," ती म्हणाली.

"आणि तू गप्प राहिलीस."

"एकदा म्हटलं होतं, ब्रश बदला. तुम्ही ब्रश बदललात."

"नीट सांगायचं होतंस."

"नीट सांगितलं असतं तर तुम्ही बोलायचे बंद झाला असता." तिनं पुन्हा सुई हातात घेतली, पण टाका घातला नाही. "दिवसभर भिंतींशी बसायचं. संध्याकाळी तुम्ही आलात की घरात दहा माणसं आल्यासारखं वाटतं. हा असं म्हणाला, तो तसं म्हणाला. त्यात थोडा वास आला तर आला. माझं काय बिघडत होतं?"

रेडिओनं मोरीपाशी जाऊन चूळ भरली. थुंकी गुलाबी होती. ती कधीपासून गुलाबी होती; सगळ्यांचीच होत असेल, असं तो धरून चालला होता. पुढचे दात जिभेनं ढकलले की हलायचे, आणि न ढकलावं म्हटलं तरी जीभ तिकडंच जायची. सफरचंद त्यानं चावून खाल्ल्याला वर्षं झाली असतील. पण दुखत कधीच नव्हतं. दुखलं असतं तर तो कधीच गेला असता. न दुखणाऱ्या गोष्टीसाठी कुणी डॉक्टरकडे जातं का?

दातांच्या दवाखान्यात बायको सोबत आली. डॉक्टरबाई त्याच्याच वयाच्या असतील. दिवसभर वाकून वाकून त्यांची मान अवघडलेली दिसत होती, आणि हे रेडिओला लगेच कळलं, कारण त्याची स्वतःची तशीच अवघडायची. खुर्चीची पाठ मागं गेली. आयुष्यभर लोकांना अशी मान टाकायला लावली होती, आज छताकडं बघायची पाळी त्याची होती.

डॉक्टरबाई एक बारीक काडी हिरडी आणि दाताच्या मधे घालून मोजत होत्या आणि मदतनीस मुलगी लिहून घेत होती. "पाच. सहा. इथं आठ. इथं नऊ." आकडे वाढताहेत हे ऐकून रेडिओला आधी बरं वाटलं. मग मदतनीस मुलीचा चेहरा दिसला.

एक्स-रे उजेडावर धरून डॉक्टरबाईंनी बोट ठेवलं. "हे हाड. दात यात रोवलेले असतात. हे इथपर्यंत असायला हवं होतं. आता इथं उतरलंय. हिरडी दातापासून सुटली, मधे खोल खाचा झाल्या, त्यांत घाण साठली. वास तिथलाच."

"रोज दोनदा घासतो हो मी."

"घासत असाल. ब्रश तिथवर पोचत नाही. सिगारेट ओढता?"

रेडिओनं बायकोकडं बघितलं. "कधीमधी."

"रोज," बायको म्हणाली.

"आणि साखर?"

"गोळी घेतात. आठवण राहिली तर."

"मग हिरड्यांनी बिचाऱ्यांनी काय करायचं?" डॉक्टरबाई म्हणाल्या. त्या रागावलेल्या नव्हत्या. दिवसातून कितीतरी वेळा हेच बोलावं लागणाऱ्या माणसासारखं त्या बोलत होत्या.

"काढून टाका सगळे," रेडिओ म्हणाला. "एकदाची कवळी बसवून द्या. पटकन काय ते होऊन जाऊ द्या."

"दमलात?"

"दमलो."

"अजून तर सुरुवातही नाही." त्यांनी मोजे काढले आणि स्टूल ओढून त्याच्यासमोर बसल्या. "सगळे काढता येतात. मला तेच सोपं आहे. पण तुमच्या दाढा अजून धरून आहेत. चांगल्या दाढा काढून कवळी घातली की चावायची ताकद जाते, आणि जबडा दरवर्षी थोडा थोडा झिजत राहतो. मग तीच कवळी सैल होते. ती घाई आज नको."

मग त्यांनी सांगायला सुरुवात केली आणि रेडिओ, ज्यानं कुणाला दोन वाक्यं सलग बोलू दिली तर नवल, तो ऐकत राहिला. आधी भूल देऊन हिरडीच्या खालून खोलवर सफाई, एकेका बाजूची. त्याच वेळी सिगारेट बंद आणि साखर ताब्यात. ते नाही केलं तर पुढचं सगळं पाण्यात. मग काही आठवडे थांबायचं, पुन्हा मोजायचं. ज्या खाचा तरीही भरल्या नाहीत तिथं हिरडी उघडायची, डोळ्यांनी बघून साफ करायची आणि टाके घालायचे. एखाद्या जागी हाडाची भुकटी भरून बघता येते. धरली तर धरली. खालचे पुढचे दात थोडेच हलताहेत, ते एकमेकांना आतून बारीक तारेनं बांधता येतील, म्हणजे एकमेकांच्या आधारानं उभे राहतील.

"आणि वरचे चार?" बायकोनं विचारलं.

"वरचे पुढचे चार जातील. त्यांना आता हाडच उरलं नाहीये. त्या जागी काढता-घालता येणारी कवळी बसवू."

"ते स्क्रूचे दात असतात म्हणे," रेडिओ म्हणाला. एक गिऱ्हाईक सांगायचं.

"असतात. पण स्क्रू रोवायला हाड लागतं, आणि साखर अशी असताना मी कुणाला तो सल्ला देणार नाही. पुढं कधी बघू. आणि एक सांगते, त्या दातांनाही हाच आजार धरतो."

"म्हणजे यातलं काय केलं की हे पुन्हा होणार नाही?"

"असं काही नाही." त्या सरळ त्याच्याकडं बघत म्हणाल्या. "गेलेलं हाड परत येत नाही. आहे ते राखायचं. हा बरा होणारा आजार नाही, ताब्यात ठेवायचा आजार आहे. दर तीन महिन्यांनी यावं लागेल. कायमचं."

बायको पदराचं टोक बोटाला गुंडाळत थोडं पुढं सरकली.

"डॉक्टर, यांचं बोलणं राहील ना नीट?"

"कवळीची सवय व्हायला वेळ लागतो. सुरुवातीला 'स' आणि 'श' घसरतात. पण येतं." डॉक्टरबाईंनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. "खूप बोलतात का?"

"बोलायचे," बायको म्हणाली.

नंतरचे महिने तोंडाच्या चाकरीत गेले. तोंड म्हणजे एक नोकरीच झाली होती. सकाळी उठल्यावर ब्रश, मग दातांच्या फटींतून फिरवायचा बाटलीच्या ब्रशासारखा इवलासा ब्रश, मग औषधाची चूळ. झोपण्यापूर्वी पुन्हा सगळं तेच. सफाईनंतर हिरड्या आकसल्या आणि दात होते त्यापेक्षा लांब दिसू लागले. त्यांच्या मुळाशी काळ्या फटी उघड्या पडल्या. गार पाणी लागलं की मस्तकात कळ जायची. वास गेला, पण बरं होताना माणूस आधीपेक्षा वाईट दिसतो हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणजे डॉक्टरबाईंनी सांगितलं होतं, त्यानं ऐकलं नव्हतं. सिगारेट सुटायला सगळ्यांत जड गेली. मागच्या गल्लीत तो सवयीनं जायचा, भिंतीला टेकून उभा राहायचा आणि परत यायचा.

वरचे चार दात काढले त्या दिवशी त्याला वाटलं होतं तसं काही झालं नाही. दात सहज निघाले. डॉक्टरबाईंनी जोरसुद्धा लावला नाही. इतकी वर्षं ज्यांच्या भरवशावर हसलो, ते असे ओल्या मातीतल्या काडीसारखे उभे होते, याचंच त्याला वाईट वाटलं. मग उजव्या बाजूची हिरडी उघडली, टाके पडले, गाल सुजला. तो पातळसर काहीतरी पीत पडून राहिला आणि बायको उशी सरळ करत राहिली.

सलूनमध्ये तो परत आला तेव्हा मास्क लावूनच आला, आणि मास्कमागं गप्पच राहिला. कवळी टोचायची. 'साहेब' म्हणायला गेलं की शिट्टी वाजायची. त्यापेक्षा मान डोलावलेली बरी. गिऱ्हाइकं त्याच्या खुर्चीत बसू लागली होती. वास नाही हे लोकांना पटकन कळतं, वास आहे हे कळतं तसंच. पण जुनी माणसं खुर्चीत बसून थोडा वेळ वाट बघायची, आणि मग आपणच काहीतरी बोलायची. रेडिओ "हं" म्हणायचा. इतकं शांत झालं, की कात्रीचा आवाज धाकट्याला सहन होईना. त्यानं एक जुना ट्रान्झिस्टर आणून फळीवर ठेवला. सलूनमध्ये पहिल्यांदाच खरा रेडिओ आला. बाकावरच्या कुणीतरी यावर विनोद करायला तोंड उघडलं आणि धाकट्याकडं बघून मिटलं.

भावाभावांचं बोलणं "नॅपकिन दे" आणि "दार ओढून घे" एवढ्यावर आलं होतं.

घरी तेच. एकदा संध्याकाळी बायकोनं ताट पुढं ठेवलं आणि विचारलं, "आज कोण कोण आलं होतं?"

"आले होते लोक."

"काय म्हणत होते?"

"काय म्हणणार?"

तो मऊ घास कडेच्या दाढेखाली सरकवत हळूहळू चावत होता, मान खाली घालून.

"त्यापेक्षा वास बरा होता," ती म्हणाली, आणि पाणी आणायला आत गेली.

त्यानंतरच्या आठवड्यात तो माणूस आला. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेनं, चाळिशीचा असेल. या भागात नवीनच दिसत होता. रेडिओच्या खुर्चीत तो घरच्यासारखा ऐसपैस बसला आणि बसल्या बसल्या बोलायला लागला. दाढी करायची, कडा जरा नीट करायच्या, नवीन जागी जायचंय. मोठ्या दुकानात विक्रीला होता, पंखे, मिक्सर, इस्त्र्या.

"माझ्याइतका माल कुणी विकत नव्हतं," तो म्हणाला. "एकदा गिऱ्हाईक हातात आलं की सोडायचोच नाही. बोलून बोलून घ्यायला लावायचो."

रेडिओ फेस लावायला वाकला. मास्कमधूनसुद्धा त्याला कळलं. तो क्षणभर वाकलेलाच राहिला.

"आणि आता काय केलं साहेबांनी? मला गोदामात टाकलं. म्हणे तिथं भरवशाचा माणूस हवाय. म्हटलं, भरवशाचा तर मी आहेच." तो हसला. त्याच्या हिरड्या लाल, फुगलेल्या होत्या आणि पुढचे दोन दात पंख्यासारखे एकमेकांपासून फाकले होते. "दिवसभर खोक्यांशी काय बोलायचं, सांगा! काउंटरवर एक पोरगा ठेवलाय, त्याला धड बोलताही येत नाही."

आरशात रेडिओची आणि धाकट्याची नजर भेटली. धाकट्यालाही आतल्या खुर्चीपर्यंत कळलं होतं. त्यानं अगदी किंचित मान हलवली. नको, दादा.

रेडिओनं वस्तरा चालवला. सांगायचं तर आत्ता, असं त्याला गाल संपेपर्यंत वाटत होतं. हनुवटी आली. बाकावर दोन माणसं बसलेली. यांच्यासमोर कसं सांगणार? गळा आला. गळ्यावर वस्तरा असताना असलं काही सांगतात का? मग तुरटी फिरवली, तोंड पुसलं, आणि शब्द जिभेच्या टोकाशी घेऊन तो नुसता उभा राहिला. माणूस उठला, आरशात दोन्ही गाल बघून खूश झाला, पैसे ठेवून बाहेर पडला.

रेडिओनं नॅपकिन झटकला. दोन वर्षं, धाकटा म्हणाला होता. दोन वर्षं रोज हे असंच त्याच्या तोंडाशी येत असणार आणि परत जात असणार.

त्यानं नॅपकिन खुर्चीवर टाकला आणि तो बाहेर धावला.

माणूस कोपऱ्यावर आपल्या स्कूटरला किल्ली लावत होता. "ओ साहेब!" रेडिओनं हाक मारली. 'साहेब'ची शिट्टी झाली. माणूस वळला.

"काय हो, पैसे कमी पडले का?"

"नाही. पैशाचं नाही." रेडिओला धाप लागली होती. "तुम्हाला गोदामात का टाकलं, ते... म्हणजे मला वाटतं... तुमचे दात घासताना रक्त येतं का?"

"काय?"

मग रेडिओनं मास्क खाली ओढला, दोन बोटं तोंडात घातली आणि चार दातांची ती गुलाबी कवळी काढून तळहातावर धरली. त्याचा वरचा ओठ आत गेला. दाढीच्या वाढलेल्या पांढऱ्या खुंटांतलं ते पोकळ तोंड त्यानं भर रस्त्यात त्या माणसापुढं उघडलं.

"हे बघा. माझं तेच होतं. वास यायचा, कुणी सांगितलं नाही. तुमचं अजून इतकं नाही झालेलं. दातांच्या डॉक्टरकडं जा. हिरड्या दाखवा. वाचतील तुमचे."

दातांवाचून त्याचं निम्मं बोलणं हवेतच गेलं. पण माणसाला समजलं. आधी तो हसला, चेष्टा असेल म्हणून. मग मानेपासून कपाळापर्यंत लाल होत गेला.

"मी विचारलं होतं तुला?"

"नाही."

"मग? दाढी करायची ती दाढी कर ना! शेंबडा कुठला, माझ्या तोंडाची चौकशी करतो भर रस्त्यात!" पुढं त्यानं रेडिओच्या आईवरून एक शिवी घातली आणि स्कूटर चालू केली. वळणावर पोचेपर्यंत रेडिओ त्याच्याकडं बघत होता. वळताना त्या माणसानं एक हात हँडलवरून काढून तोंडासमोर धरला होता. धुळीसाठी असेल, किंवा नसेलही.

रेडिओ सलूनमध्ये परतला. मास्क गळ्यातच लोंबत होता, कवळी मुठीत. बाकावरच्या दोघांनी त्याचं तोंड बघितलं आणि वर्तमानपत्रात डोकी घातली. त्यानं बेसिनपाशी जाऊन कवळी धुतली, पण घातली नाही. हिरडी ठणकत होती.

"सांगितलंस?" धाकट्यानं विचारलं.

"हो."

"मग?"

"शिवी घातली. आईवरून."

"आपल्या?"

"आपल्याच."

धाकट्याला हसू आलं, ते त्यानं दाबलं, पण पूर्ण दाबता आलं नाही. रेडिओ आपल्या खुर्चीच्या हातावर टेकला.

"मीही घातली असती," तो म्हणाला. "तू सांगितलं असतंस तर. तुलाच घातली असती."

हातातली कात्री ठेवून धाकटा जवळ आला आणि त्यानं भावाच्या उजव्या गालाकडं बघितलं. शस्त्रक्रियेपासून त्या बाजूला वस्तरा लागलाच नव्हता. मास्कच्या आड पांढरे खुंट कसेही माजले होते.

"सलूनवाला आहेस ना तू? काय अवतार केलायस," तो म्हणाला. "बस नीट."

"माणसं थांबलीत."

"थांबतील." बाकावरच्या दोघांनी माना डोलावल्या. "बस, म्हटलं ना."

रेडिओ बसला. धाकट्यानं त्याच्या गळ्याभोवती नॅपकिन खोचला, ब्रश गरम पाण्यात बुडवला, त्या दुखऱ्या बाजूला अगदी हलक्या हातानं फेस चढवला. नवीन ब्लेड लावलं. मग दोन बोटांनी हनुवटी धरून तो खाली वाकला, इतका जवळ, की त्याच्या कपाळावरचा घाम रेडिओला दिसला. वस्तरा कानापासून खाली येऊ लागला. पोकळ ओठावर धाकट्याची नजर होती. पातं तिथवर पोचलं आणि थांबलं.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "श्वास सोड."

रेडिओच्या तेव्हा लक्षात आलं, की आपण तो केव्हापासून धरून ठेवला होता. त्यानं तो सोडला. धाकट्याचा चेहरा होता तिथंच राहिला, आणि वस्तरा पुन्हा हळूहळू चालू लागला.